सातवीतला ‘सी’ आणि कॉलेजची चिंता

“ताई, मुलीला सातवीत गणितात सी मिळाला. आता हिच्या इंजिनिअरिंगचं काही खरं नाही, असं हे म्हणतात. दोघांचीही झोप उडालीय. लवकरची वेळ द्याल का?”

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांबरोबर शैक्षणिक समुपदेशन करताना असा निरोप मला दर सत्राच्या शेवटी येतोच. शब्द थोडे इकडेतिकडे, पण प्रश्न तोच. मिडल स्कूलमधले, म्हणजे साधारण सहावी ते आठवीतले, गणिताचे मार्क कॉलेजपर्यंत पाठलाग करतात का? या कुटुंबाची गोष्ट त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून. ते कॅलिफोर्नियात राहतात.

पहिल्या भेटीला आई-बाबा दोघंच आले. बाबांनी लॅपटॉप उघडून शाळेचं पोर्टल माझ्यासमोर धरलं. गणित, ७४.५ टक्के, सी. “मला बारावीला तीन मार्क कमी पडले आणि हवी ती शाखा गेली,” ते म्हणाले. “ते तीन मार्क अजून आठवतात. हिचं तसं व्हायला नको.” हे सांगताना त्यांचा आवाज बसला होता. माझ्याकडे येणाऱ्या अनेक पालकांच्या मनात एकच परीक्षा, एकच निकाल आणि त्यावर ठरलेलं आयुष्य, असा नकाशा पक्का बसलेला असतो. ते स्वतः त्या वाटेने आलेत, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. पण इथली वाट वेगळी आहे, आणि ती आधी नीट समजावून सांगावी लागते.

म्हणून आधी सरळ उत्तर दिलं. कॉलेजकडे जातो तो हायस्कूलचा ट्रान्सस्क्रिप्ट, म्हणजे नववी ते बारावीच्या ग्रेडचं गुणपत्रक. सातवीतल्या साध्या गणिताचा ग्रेड त्यावर नसतो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तर जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढताना नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचेच विषय धरते. नववीचे ग्रेड त्यांना दिसतात, पण त्या आकड्यात येत नाहीत. सातवीचा सी तिथे कुणी पाहणारच नाही.

बाबांनी लगेच विचारलं, “म्हणजे काहीच फरक पडत नाही?”

इथे मी नेहमी थांबते, कारण “काहीच फरक पडत नाही” हेही खरं नाही. आठवीत किंवा सातवीत मूल हायस्कूलच्या पातळीचा विषय घेत असेल, उदाहरणार्थ अल्जिब्रा १ (बीजगणिताचा पहिला विषय), तर काही राज्यांत आणि जिल्ह्यांत तो ग्रेड हायस्कूलच्या ट्रान्सस्क्रिप्टवर चढतो. व्हर्जिनियात तो चढतो, पण पालकांनी मागणी केली तर तिथे असा ग्रेड वगळताही येतो. ही सोय पालकांना अनेकदा माहीतच नसते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया सातवी-आठवीत घेतलेला अल्जिब्रा तिच्या गणिताच्या अटीत धरते, सी किंवा त्याहून वरचा ग्रेड असेल तर. पण जीपीएत घेत नाही. शिवाय काही निवडक हायस्कूलांना प्रवेशासाठी मिडल स्कूलचे ग्रेड लागतातच. व्हर्जिनियातल्या थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजीला अर्ज करायचा तर आठवीत किमान अल्जिब्रा १ चालू असावा लागतो. अशा शाळेचा बेत असेल तर माझं उत्तर वेगळं असतं. या कुटुंबाचा तसा बेत नव्हता. घराजवळच्या सरकारी हायस्कूलला ती आपोआप जाणार होती.

एवढं झाल्यावर मी म्हटलं, “आता मला पोर्टल नको, पेपर हवेत. आणि ती हवी.”

पुढच्या शनिवारी ती आली. बारा वर्षांची, स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. आई म्हणाली, “मावशींना पेपर दाखव.” तिने दप्तरातून चार टेस्ट काढल्या. मी आई-बाबांना बाहेर बसायला सांगितलं आणि आम्ही दोघी लाल खुणा मोजायला लागलो.

चार टेस्ट, प्रत्येकी ५० गुणांच्या. २०० पैकी १६४, म्हणजे ८२ टक्के. मग ७४.५ आले कुठून? शाळेत टेस्टना ७० टक्के वजन होतं आणि गृहपाठाला ३०. गृहपाठात तिला ५७ टक्के होते. वीस गृहपाठांपैकी बाराच दिलेले, आठांना शून्य. दिलेल्या बारांत मात्र ९५ टक्के.

“आठ राहून गेले का?”

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने दप्तराच्या मागच्या कप्प्यातून एक निळं फोल्डर काढून तिने टेबलावर ठेवलं. आत आठ कागद होते. आठही सोडवलेले, पेन्सिलीने, वर नाव आणि तारीख घातलेली. दोन कागद खोडून खोडून इतके पातळ झाले होते की पलीकडचा उजेड दिसत होता.

“हे दिले का नाहीस?”

“बरोबर आहेत का ते माहीत नव्हतं.” मग जरा थांबून, “विसरले म्हटलं की बाबा रागावतात. चुकलं म्हटलं की गप्प होतात.”

हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं. बारा वर्षांच्या मुलीने मनाशी हिशोब मांडला होता. राग परवडतो, ते गप्प बसणं परवडत नाही. म्हणून केलेला अभ्यास दप्तरात ठेवायचा आणि शून्य घ्यायचं. बाबांच्या फोनवर प्रत्येक ग्रेडची सूचना यायची, आणि ती जेवताना त्यांचा चेहरा बघून ओळखायची, आज काहीतरी आलंय. इतके दिवस हे एकटीने सांभाळत होती. पोर्टलवरच्या ‘सी’मध्ये यातलं काही दिसत नव्हतं.

दुसरी गोष्ट टेस्टमध्ये होती. गेलेल्या ३६ गुणांपैकी २३ एकाच ठिकाणी गेले होते, उणे चिन्हावर. गुणोत्तरं उत्तम, टक्केवारी उत्तम, भूमितीचं प्रकरण जवळपास पूर्ण बरोबर. पण कंसाबाहेर उणे आकडा आला की घोटाळा. मी तिला तिचंच एक गणित पुन्हा सोडवायला दिलं: −२(क्ष − ३). तिने क्षणात लिहिलं, −२क्ष − ६.

चूक आहे असं मी म्हटलं नाही. म्हटलं, “क्षच्या जागी १ ठेवून बघ. दोन्हीकडे.”

मूळ गणितात कंसात १ − ३, म्हणजे −२. त्याला −२ ने गुणलं की ४. मग तिच्या उत्तरात १ घातला: −२ − ६, म्हणजे −८. ती कागदाकडे बघत राहिली. एकाकडे ४, दुसरीकडे −८. मग तिने पेन्सिल उचलली, −६ च्या वजाला एक उभी रेघ देऊन अधिक केला आणि परत १ घालून पाहिला. ४ आले.

“म्हणजे हे कुणालाही न विचारता कळतं?” तिने विचारलं.

त्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य माझ्या मते हेच. बरोबर-चूक ठरवायला बाबांचा चेहरा किंवा पोर्टल लागत नाही, तिच्या हातातलाच १ पुरतो. त्यानंतर तासभर आम्ही फक्त हेच केलं. गणित सोडवायचं, १ घालायचा, जुळतंय का बघायचं. मी दिलेल्या पंधरांपैकी चार तिची चुकली, आणि चारही तिनेच पकडली.

पालकांशी मी पुन्हा बोलले तेव्हा हे मुद्दाम सांगितलं: कॉलेजपर्यंत ग्रेड जात नाही, पण समजुतीतली भोकं जातात. २०१२ साली मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सीगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांच्या माहितीवरून दाखवलं की दहाव्या-अकराव्या वर्षी अपूर्णांक आणि भागाकार किती पक्के आहेत, यावरून हायस्कूलमधल्या बीजगणिताचा अंदाज बांधता येतो. बुद्ध्यांक, घरचं उत्पन्न, पालकांचं शिक्षण या गोष्टी जमेस धरल्यानंतरही. म्हणून मिडल स्कूलचे पेपर मी फार गांभीर्याने बघते. ए मिळवणाऱ्या मुलांचेही. गृहपाठ आणि ‘एक्स्ट्रा क्रेडिट’च्या, म्हणजे जादा कामाच्या वाढीव गुणांच्या, जोरावर ए आलेलं आणि तीन चतुर्थांशला अर्ध्याने भागताना अडणारं मूल मला या मुलीपेक्षा जास्त काळजीचं वाटतं. त्याचे पालक मात्र माझ्याकडे येत नाहीत.

निळ्या फोल्डरबद्दल मी तिची परवानगी घेऊन सांगितलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा बराच वेळ खाली बघत होते. मग म्हणाले, “मी गप्प होतो कारण मला भीती वाटते. रागावलेला नसतो मी.” मी म्हटलं, “हे तिला सांगा. मला नको.” त्यांनी सांगितलं की नाही, कसं सांगितलं, ते मी विचारलं नाही.

ठरवलेल्या गोष्टी मोजक्याच होत्या. फोनवरच्या सूचना बंद. पोर्टल आठवड्यातून एकदा, रविवारी, तिच्याबरोबर बसून. तेही आकडा बघायला नाही, काय द्यायचं राहिलंय ते बघायला. आठ गृहपाठांसाठी तिने स्वतः शिक्षिकेला ईमेल लिहिला. मी फक्त शुद्धलेखन पाहिलं. शिक्षिकेने ते अर्ध्या गुणांवर घेतले. शिकवणी लावायची का, असं बाबांनी दोनदा विचारलं. मी नको म्हटलं. एका चिन्हाच्या चुकीसाठी आठवड्याचे चार तास घालवले असते, तर “मला गणित येत नाही” ही तिची समजूत आणखी घट्ट झाली असती.

खरी ओढाताण झाली ती आठवीच्या वर्गावरून. शाळेत दोन वाटा होत्या, अल्जिब्रा १ किंवा आठवीचं नेहमीचं गणित. बाबांचा हिशोब चुकीचा नव्हता. आठवीत अल्जिब्रा १ घेतला तर नववीत जॉमेट्री (भूमिती), दहावीत अल्जिब्रा २, अकरावीत प्रीकॅल्क्युलस (कॅल्क्युलसची पूर्वतयारी) आणि बारावीत कॅल्क्युलस (कलनशास्त्र). नववीत सुरू केला तर बारावीला प्रीकॅल्क्युलसवरच गाडी थांबते. इंजिनिअरिंगला अर्ज करणाऱ्या मुलांमध्ये कॅल्क्युलस केलेली मुलं भरपूर असतात, हेही खरं. मी ते नाकारलं नाही.

पण ही वाट एकदा चुकली की कायमची बंद, असं नाही. दहावीत जॉमेट्री आणि अल्जिब्रा २ एकत्र घेता येतात. उन्हाळ्यात एखादा विषय पूर्ण करता येतो, अनेक शाळांत दोन वर्षांचं गणित एका वर्षात बसवलेला वर्ग असतो. अमेरिकेतल्या जवळपास निम्म्या हायस्कूलांत तर कॅल्क्युलस शिकवलाच जात नाही, आणि कॉलेजं अर्ज वाचताना त्या शाळेत काय उपलब्ध होतं ते बघतात. कॅल्टेकसारख्या (कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) संस्थेनेसुद्धा २०२३ मध्ये, शाळेत कॅल्क्युलस नसलेल्या मुलांसाठी ती अट पूर्ण करायचा दुसरा मार्ग खुला केला. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी २०१४ पासून बरीच वर्षं आठवीत अल्जिब्रा १ ठेवलाच नव्हता. तो निर्णय मला स्वतःला पटला नव्हता, तयार असलेल्या मुलांना अडवून ठेवणं बरोबर नाही. पण त्या शहरातली मुलंही पुढे इंजिनिअर झालीच.

मग मी बाबांना एवढंच विचारलं, “उणे चिन्ह अजून हलतंय, अशा स्थितीत तिला अल्जिब्रात बसवायचं आणि मग नववीपासून, जिथे ग्रेड ट्रान्सस्क्रिप्टवर जायला लागतात, तिथे डळमळीत पायावर जॉमेट्री आणि अल्जिब्रा २? की एक वर्ष पक्कं करायचं?” निर्णय मी दिला नाही. शाळेची चाचणी झाली, त्यात ती काठावर आली, आणि तिलाच विचारल्यावर ती म्हणाली, “मला पुढच्या वर्षी घाबरायचं नाहीये.” आठवीचं नेहमीचं गणित ठरलं. ती तयार असती तर मी उलट सल्ला दिला असता. तयार मुलाला केवळ सावधपणापोटी मागे ठेवण्याच्या मी विरोधात आहे.

सातवीच्या शेवटी तिला बी मिळाला. आठवीत एकदा ए, एकदा बी.

काही महिन्यांपूर्वी आईचा निरोप आला. मुलगी नववीत, अल्जिब्रा १. “ताई, आता तरी हे ग्रेड मोजतात ना? की अजून निवांत राहू?”

मी लिहिलं, आता मोजतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या जीपीएत नाही, पण हा ग्रेड ट्रान्सस्क्रिप्टवर जाणार. सीच्या खाली गेला तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या गणिताच्या अटीत तो विषय भरून काढावा लागेल. तिथे किमान तीन वर्षांचं गणित लागतं आणि चार वर्षं घ्या असं ते स्वतः सुचवतात. पुढच्या उन्हाळ्यात जॉमेट्री करायची असेल तर शाळेच्या समुपदेशकाला आत्ताच विचारा, जागा लवकर भरतात.

त्यावर आईने मुलीच्या पहिल्या क्विझचा फोटो पाठवला. २० पैकी १८. प्रत्येक गणिताच्या उजवीकडे, समासात, बारीक पेन्सिलीने लिहिलेलं होतं: क्ष = १.