डच गावांच्या नावांचा नाद लागलाय? मग आधी हे ऐका

आजच्या स्पेलिंगवर विसंबू नका, सर्वांत जुनी नोंद शोधा. ॲमस्टरडॅम १२७५ च्या जकातमाफीच्या सनदेत 'आमेस्तेल्लेदाम्मे' असं येतं. म्हणजे ॲमस्टेल नदीवरचा बांध. रॉटरडॅमही तसंच, रॉटे नदीवरचं. ही सोपी झाली.

खरी गंमत 'स-ग्राव्हनहागे'मध्ये, म्हणजे आपल्या हेगच्या लांबलचक नावात. मीही सुरुवातीला 'ग्राफ' म्हणजे थडगं समजून बसलो होतो! पण थडग्याच्या 'ग्राफ'मधला 'आ' आखूड, इथल्या 'ग्राफ'मधला लांब, आणि त्याचा अर्थ काउंट, म्हणजे उमराव. काउंटचं कुंपण घातलेलं रान. सुरुवातीचा 'स' हा 'देस' या जुन्या षष्ठीचा उरलेला तुकडा. 'स-हेर्टोखनबॉस' म्हणजे ड्यूकचं जंगल, तिथेही तोच.

सगळंच डच असेल असंही धरू नका. उट्रेख्ट आणि मास्ट्रिख्टच्या शेपटात लॅटिन 'त्रायेक्तुम' दडलाय, नदी ओलांडायची जागा. नायमेखन तर केल्टिक वळणाच्या 'नोव्हिओमागुस'वरून आलंय.

आणि झुटरमेरला तळं शोधत फिरू नका. 'मेर' म्हणजे तळं खरं, पण ज्यावरून नाव पडलं ते १७व्या शतकातच उपसून कोरडं केलंय.