जुन्या एमजीबीच्या पुढच्या सस्पेन्शनमधून आवाज येतोय, गाडी भटकते. सगळं किट एकदम बदलू का?

तुमची गाडी 1972 ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. खड्ड्यावरून जाताना पुढून ठकठक येते, सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सारखं सावरावं लागतं, आणि तुम्हाला सल्ला मिळालाय की पॉलीयुरेथेन बुश (सांध्यांत बसणाऱ्या, रबरापेक्षा कडक गाद्या), कडक स्प्रिंग आणि टेलिस्कोपिक (नळीसारखे) शॉकअप असं पूर्ण किट आणून एकाच वेळी बसवून टाका. माझं म्हणणं असं की ते किट इतक्यात मागवू नका. आधी प्ले (सांध्यातला ढिलेपणा) नेमका कुठे आहे ते हुडका. किंगपिन (ज्या उभ्या पिनवर पुढचं चाक वळतं ती) झिजलेली असताना कडक स्प्रिंग बसवली तर गाडी भटकायची थांबत नाही, फक्त जास्त आदळत भटकते.

मी बरीच वर्षं एमजीबी सांभाळतोय आणि या गाडीवर माझा फार जीव आहे. 1962 ते 1980 इतका काळ ती इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनला बनत होती आणि तिचं पुढचं सस्पेन्शन आजही घरी खोलून जोडता येतं. पण एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. हिच्यात वरचा विशबोन (चाकाला गाडीशी जोडणारा दुबेळक्यासारखा हात) असा वेगळा नसतोच. क्रॉसमेंबरवर (पुढच्या आडव्या तुळईवर) चार बोल्टनी बसवलेला लिव्हर आर्म शॉकअप असतो, त्याचे दोन हातच वरच्या विशबोनचं काम करतात. म्हणजे शॉकअपचा स्पिंडल (ज्यावर ते हात फिरतात तो दांडा) झिजला, तर प्रश्न फक्त गाडी डुलण्यापुरता राहत नाही. चाकाचा वरचा आधारच सैल होतो.

तपासणी अशी करा. पुढची बाजू उचलून क्रॉसमेंबरखाली मजबूत स्टँड लावा, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. चाक वर आणि खाली धरून हलवा. मग दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग बघा. तसाच राहिला तर किंगपिन, तिची वरची ट्रनियन (शॉकअपच्या हातांशी जोडणारा सांधा) किंवा खालचा फलक्रम बोल्ट (खालच्या विशबोनशी जोडणारा) झिजलाय. यानंतर चाक डावीकडे-उजवीकडे हलवून टाय रॉडचे (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्यांचे) एंड बघा. शेवटी पहार लावून खालचा विशबोन हलका ढकला. रबर चिरडून बाहेर आलेलं दिसलं किंवा विशबोन पिनवर पुढेमागे सरकला, तर ठकठकीचं मूळ बहुतेक तिथेच आहे. अँटी-रोल बार (गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) असेल तर त्याच्या लिंकही हलवून बघा. एवढीशी वस्तू, पण आवाज मोठा करते.

खालच्या विशबोनचे मूळचे बुश दोन तुकड्यांचे, साध्या रबराचे असतात आणि ते लवकर मरतात. माझा सल्ला, त्यांच्या जागी एमजीबी जीटी व्ही8 साठी आलेले एकसंध बुश घाला. ही व्ही8 गाडी 1973 ते 1976 एवढीच बनली, पण तिचे बुश साध्या एमजीबीला बसतात आणि खूप जास्त टिकतात. यांच्यात रबर आतल्या धातूच्या नळीला चिकटलेलं असतं, त्यामुळे विशबोन वरखाली होताना रबर घसरत नाही, पिळलं जातं. याचा एक परिणाम लोक विसरतात. चाक हवेत लोंबकळत असताना नट आवळला, तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि नवा बुशसुद्धा लवकर फाटतो. नट हातानं लावून ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, दोनचार वेळा दाबून बसू द्या आणि मगच टॉर्क रेंचनं आवळा. बसवताना साबणाचं पाणी वापरा. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस रबर खातं.

पॉलीयुरेथेन वाईट असं मी म्हणत नाही. ते पिळत नाही, नळीवर फिरतं, म्हणून त्याला योग्य ग्रीस लागतं आणि ते सुकलं की कुरकुर सुरू होते. पुढच्या विशबोनला चालून जाईल. मागच्या पाट्यांना (लीफ स्प्रिंगना) मात्र मी लावणार नाही. वळणावर गाडी कलते तेव्हा पाटा थोडा आडवा पिळतो, तेवढी मोकळीक तिथल्या रबरानं द्यायची असते.

किंगपिनचं काम सगळ्यात किचकट. नुसती पिन बदलून भागत नाही. स्विव्हल अ‍ॅक्सलमध्ये (किंगपिनवर फिरणाऱ्या, चाक धरणाऱ्या भागात) नवे बुश दाबून बसवावे लागतात आणि ते मापात रीमही करावे, म्हणजे आतून कोरून नेमक्या मापाला आणावे लागतात. रीमर हाताशी नसेल तर बुश बसवून रीम केलेली तयार असेंब्ली बदलून घेणं बरं. नंतर तिची काळजी एवढीच की प्रत्येक बाजूच्या तिन्ही निप्पलना (ग्रीस भरायच्या तोंडांना) वेळेवर ग्रीस द्या आणि देताना चाक अधांतरी ठेवा. गाडीचा भार असला की थ्रस्ट वॉशरच्या (भार पेलणाऱ्या चकतीच्या) फटीत ग्रीस शिरत नाही. आणि हे एमजीबीचं झालं. ट्रायम्फ स्पिटफायर या दुसऱ्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या ट्रनियनला ग्रीस नाही, गिअर ऑइल लागतं. एकीचा नियम दुसरीला लावू नका.

खोलताना मला खरी भीती फक्त कॉइल स्प्रिंगची वाटते. दबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडू शकते. स्प्रिंग पॅनखाली (स्प्रिंग ज्यावर बसते त्या ताटलीखाली) जॅक घट्ट लावा, वरच्या ट्रनियनचा बोल्ट काढा, हब बाहेर झुकवा आणि जॅक अगदी सावकाश उतरवा. स्प्रिंग पूर्ण सैल झाल्याशिवाय तिथे हात घालायचा नाही. त्याआधी ब्रेकचा कॅलिपर सोडवून तारेनं टांगा, ब्रेकच्या होजवर वजन येता कामा नये.

शॉकअपचे हात मोकळे झालेलेच आहेत, तर ते हातानं वरखाली करून बघा. पूर्ण पल्ल्यात सारखा विरोध जाणवला पाहिजे. मध्येच रिकामं लागलं तर आधी ऑइल भरा, तेही त्याच कामासाठीचं. स्पिंडलपाशी गळती असेल किंवा हात आडवा हलत असेल, तर रीबिल्ट केलेला घ्या. चांगला रीबिल्ट लिव्हर आर्म शॉकअप या गाडीला पुरेसा आहे, टेलिस्कोपिक किटची गरज मला कधी वाटली नाही.

मागे पाट्याच्या पुढच्या डोळ्यातला बोल्ट बुशच्या नळीत गंजून बसलेला असतो. कापायची तयारी ठेवूनच हात घाला. पाटे किंवा स्प्रिंग मागवताना गाडी क्रोम बंपरची आहे हे स्पष्ट सांगा, कारण 1974 च्या अखेरीस रबर बंपर आले तेव्हा गाडीची उंची वाढवली गेली आणि दोन्हींचे पार्ट वेगळे आहेत.

सगळं जोडल्यावर टो-इन (पुढची चाकं पुढच्या कडेला किती आत वळलेली आहेत ते) मोजून घ्या. तो 1/16 ते 3/32 इंच, म्हणजे साधारण दीड ते सव्वादोन मिलिमीटर असावा. मूळ रचनेत कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (किंगपिनचा पुढे-मागे कल) फिरवून जुळवायची सोय नाही, त्यामुळे नवे पार्ट घालूनही ते मापाबाहेर आले तर विशबोन किंवा क्रॉसमेंबर वाकलाय का ते तपासा.