अमेरिकेतल्या वीज सहकारी संस्थेने माझ्या नावावर ‘कॅपिटल क्रेडिट’ जमा केलं, पण बिल तेवढंच. हे पैसे आहेत तरी कुठे?

तुम्ही लिहिलंय की आयोवात गावाबाहेर राहता, वीज सहकारी संस्थेची आहे, आणि तुमच्या नावावर 86 डॉलर जमा झाल्याचं पत्र आलं; चेक मात्र नाही. आयकर माफ असलेल्या संस्थेला नफा कसला, आणि तो अडवून का ठेवलाय, हा तुमचा प्रश्न. अशा संस्थांची हिशेबतपासणी हेच माझं पोटापाण्याचं काम, म्हणून उत्तर देतोय.

घर साखर कारखान्याच्या पट्ट्यातलं असेल तर एका शब्दात सांगतो: परतीची ठेव. उसाच्या बिलातून टनामागे कापायचे ना, तशी. इथे युनिटमागे. फक्त व्याज नाही, आणि परत कधी करायची ते संचालक मंडळ ठरवतं. पंधरा-वीस वर्षं लागली तरी कोणाला नवल वाटत नाही. (नगरकडचे असाल तर श्रीरामपूरची मुळा-प्रवरा आठवली असेल. वीज वाटणारी सहकारी संस्था आपल्याकडेही होती. 2011 मध्ये परवाना संपला आणि काम महावितरणकडे गेलं.)

या संस्थांच्या हिशेबाच्या पुस्तकांत ‘नफा’ नसतोच, ‘मार्जिन’ असतं. वर्षाअखेरीला जे उरलं ते ज्याने जितकी वीज घेतली त्या प्रमाणात नावावर टाकायचं. रोकड तोवर तारा, ट्रान्सफॉर्मर आणि कर्जाच्या हप्त्यांत गेलेली असते. शून्य मार्जिन ठेवायचीही सोय नाही. केंद्र सरकारच्या रुरल युटिलिटीज सर्व्हिसचं कर्ज असेल तर मार्जिन दीर्घ मुदतीच्या व्याजाच्या निदान पाव पट हवं, अशी अट असते. शिवाय त्या मार्जिनचाही काही भाग कागदीच! तुमची संस्था ज्या मोठ्या सहकारी संस्थेकडून घाऊक वीज घेते, तीही हिला असंच पत्र पाठवते, आणि ती रक्कम इथे उत्पन्न म्हणून लागते.

करमाफी अमेरिकी आयकर कायद्याच्या 501(सी)(12) या कलमाखाली, आणि तीही दरवर्षी नव्याने सिद्ध करायची: 85 टक्के उत्पन्न सभासदांकडूनच आलेलं हवं. यात एक गंमत होती. वादळाने लाइन आडवी केली आणि सरकारी मदत आली, की ती सभासदांबाहेरचं उत्पन्न धरली जाण्याची भीती. म्हणजे मार बसला त्याच वर्षी कर. डिसेंबर 2019 च्या कायद्याने अशी अनुदानं या मोजणीतून काढली. माफी आयकरापुरतीच बरं का, मालमत्ता कर वगैरे सुटत नाही.

मी या कामात नवा असताना खांबांच्या नोंदींनी मला चकवलं होतं. एका लाइनमनने अंगणात पडलेला खांब दाखवला, त्यावर डागलेलं साल 1987. समजा तो तेव्हा 250 डॉलरला बसला आणि आता उपटायला 300 लागले. साध्या कंपनीत शिल्लक किंमत तोट्यात टाकतील. इथे खांबांच्या 364 खात्यातून 250 कमी होतात आणि साठलेल्या घसाऱ्याच्या 108 खात्याला 550 नावे पडतात. नफा-तोट्यावर ओरखडाही नाही. मला कारकुनाची चूक वाटली, लाल पेनाने खूणही केली. पण घसारा हजारो खांबांच्या सरासरी आयुष्यावर लावलेला असतो. एखादा लवकर गेला तर दुसरा उशिरा जातो. एकट्या खांबाला पुस्तकी किंमतच नसते.

याहून नाजूक प्रकार म्हणजे आजचा खर्च मालमत्ता म्हणून दाखवणं. पुढच्या वर्षांच्या दरांतून तो वसूल होईल असा दर ठरवणाऱ्याचा निर्णय असेल, तर अमेरिकी लेखा मानकांतला 980 हा विभाग त्याला परवानगी देतो. पण बऱ्याच राज्यांत सहकारी संस्थेचे दर तिचंच संचालक मंडळ ठरवतं! म्हणून मी नुसत्या ठरावावर थांबत नाही. तेवढा दर सभासदांना खरंच झेपेल का, ते आधी पाहतो. फेब्रुवारी 2021 च्या थंडीत टेक्सासमधल्या ब्राझोस या वीज सहकारी संस्थेवर विजेचं दोन अब्ज डॉलरच्या आसपास बिल आलं. तो बोजा सभासदांवर टाकायचा नाही म्हणून 1 मार्चला तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

तुमच्या 86 डॉलरचं म्हणाल तर घरगुती विजेवर त्याचा कर साधारणपणे लागत नाही. गाव सोडलंत तरी रक्कम तुमचीच राहते, फक्त नवा पत्ता संस्थेला कळवून ठेवा. पत्ता न सापडलेल्यांच्या याद्या मी दरवर्षी बघतो, चांगल्या लांबलचक असतात.