फोन तू उचल

बेटा,

शनिवारी तू आणि तुझी आई गेल्यावर मी बराच वेळ तसाच बसून होतो. आईच्या बचत गटाच्या पापडांसाठी तू गुगलवर जाहिरात लावलीस, त्या कॉलेजच्या प्रोजेक्टची तुझी बावीस स्लाईडची पीपीटी लॅपटॉपवर उघडीच होती. तू निघताना दारात म्हणालास, "सर, मला हे जमत नाही बहुतेक, पुण्याला जाऊन नीट कोर्स करतो पंचावन्न हजारांचा, नाहीतर सोडून देतो." तेव्हा मी काही बोललो नाही, कारण आई समोर होत्या आणि मला राग आला होता. तुझ्यावर थोडा, माझ्यावर जास्त. म्हणून आता लिहितो.

मेहनत कर, खचू नको वगैरे मी लिहिणार नाही. अमळनेरहून रोज पहाटेची गाडी पकडून जळगावला कॉलेजला येणाऱ्या पोराला मेहनत काय शिकवायची. मला एकच सांगायचंय आणि ते मी चार वेळा सांगणार आहे, कंटाळलास तरी वाच. जाहिरात तू लावलीस ना, मग फोन तू उचल.

तुझ्या पीपीटीत सगळं होतं. चौदा दिवस, रोजचे 300 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे गटाच्या खात्यातून पाच हजाराला चव्वेचाळीस रुपये कमी गेले. 18,400 इम्प्रेशन, म्हणजे तेवढ्या वेळा जाहिरात दिसली, 612 क्लिक, एका क्लिकला सात रुपयांच्या आत. सीटीआर, म्हणजे दिसल्यावर क्लिक होण्याचं प्रमाण, तीन टक्क्यांच्या वर. गाईड सरांनी शेरा मारला 'एक्सलंट'. आणि ऑर्डरी चार. त्यातली एक तुझ्या मावशीची. तू मला विचारलंस की सर, चूक जाहिरातीत आहे की मालात? आणि तू हे विचारत असताना आई कपबशी खाली ठेवत हळूच म्हणाल्या, "फोन तर रोज पाच-सहा येत दादा, पण त्या बाया काम इचारत होत्या, पापड लाटाचं."

तू तिकडे बघितलंही नाहीस. लगेच पुढची स्लाईड लावलीस. भो, तुझ्या अख्ख्या प्रोजेक्टचं उत्तर त्या एका वाक्यात होतं आणि तू पुढची स्लाईड लावलीस!

आता नीट बघ काय झालं ते. तू कीवर्ड, म्हणजे ज्या शोधांवर जाहिरात दिसावी ते शब्द, टाकलेस 'पापड' आणि 'घरगुती पापड', दोन्ही ब्रॉड मॅचमध्ये, म्हणजे त्या शब्दाच्या आसपासचं काहीही शोधलं तरी जाहिरात दिसणार, कारण गुगल मुळात तेच देतं आणि तू बदललं नाहीस. तू गेल्यावर मी तुझं अकाउंट उघडून सर्च टर्म्स रिपोर्ट काढला. तुझी कीवर्ड दिसतात ती यादी वेगळी आणि माणसाने प्रत्यक्षात काय टाईप केलं ती यादी वेगळी, आणि ही दुसरी तुझ्या पीपीटीत कुठेच नव्हती. त्यात काय आहे माहितीये? घरबसल्या पापड लाटण्याचं काम. पापड पॅकिंग काम महिलांसाठी. पापड बनवायचं मशीन किंमत. पापड उद्योग लोन. उडीद पापड रेसिपी. विकत घ्यायला आलेला माणूस खाली स्क्रोल करून करून शोधावा लागला मला. त्यात तुझ्या जाहिरातीची पहिली ओळ होती 'महिला बचत गटाचे घरगुती पापड'. आता तूच सांग, नगरकडची एखादी बाई काम शोधतेय, तिला 'महिला', 'बचत गट', 'घरगुती' हे तीन शब्द दिसले आणि खाली कॉलचं बटण, ती फोन करणार नाही तर काय करणार? तिचं काहीच चुकलं नाही.

आणि याच्याही पुढची गोष्ट, ही कोर्समध्ये पटकन सांगत नाहीत. तू बिडिंग, म्हणजे गुगलने तुझ्या वतीने बोली कशासाठी लावायची ते, ठेवलंस कन्व्हर्जन वाढवा या प्रकारावर, आणि कन्व्हर्जन, म्हणजे जे घडलं की जाहिरातीचं काम झालं ते, काय धरलंस तर कॉलच्या बटणावर बोट पडणं. म्हणजे काम मागणाऱ्या बाईने बटण दाबलं की गुगलच्या हिशोबात ते यश. मशीन त्यातून शिकलं की वा, अशा बाया आणल्या की या पोराचं काम होतं, मग आणखी तशाच आणल्या. पहिल्या चार दिवसांत तुझे क्लिक कमी आणि शेवटच्या आठवड्यात भरपूर, तो ग्राफ तू अभिमानाने दाखवलास ना, तो चढ बहुतेक याचाच आहे. मशीन बिघडलेलं नव्हतं, तू जे सांगितलंस ते त्याने इमानदारीने केलं. पहिल्याच दिवशी आईच्या हातातला फोन तू घेतला असतास तर दुसऱ्या-तिसऱ्या कॉलला तुला कळलं असतं. 'काम', 'जॉब', 'मशीन', 'रेसिपी', 'लोन' हे पाच शब्द निगेटिव्हमध्ये, म्हणजे 'या शोधांना जाहिरात दाखवू नको' या यादीत, टाकायला पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटं!

लोकेशनमध्येही तीच गत. त्या भागात असलेले 'किंवा त्या भागात रस असलेले' असं आधीच टिक केलेलं असतं, ते तू तसंच ठेवलंस. डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतर वेबसाईटवरही जाहिरात दाखवायची, टिकही तशीच. पण हे बारीकसारीक मी पाच मिनिटांत दाखवीन, त्याचं एवढं नाही. (एका दिवशी 300 चे 560 कसे कापले म्हणून घाबरला होतास, ते नॉर्मल आहे. गुगल एखाद्या दिवशी दुप्पटपर्यंत खर्च करतं, पण महिन्याचा हिशोब रोजच्या रकमेच्या 30.4 पटीच्या वर जात नाही.)

तू म्हणशील सर एवढे का चिडले. सांगतो, हे मी माझ्या ऑफिसातल्या पोरांना पण कधी नीट सांगितलेलं नाही.

2013 ची गोष्ट. तेव्हा गुगल ॲड्सला ॲडवर्ड्स म्हणत, नाव 2018 मध्ये बदललं. रावेरकडे एकाचा केळीच्या टिश्यू कल्चर रोपांचा धंदा होता, जी-नाईन जातीची रोपं, मोठी शेडनेट, माणूस सरळ. मृगबागेच्या, म्हणजे जून-जुलैच्या लागवडीच्या, आधी त्यांनी मला जाहिरातीचं काम दिलं. जळगावात तेव्हा हे काम करणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके, आणि मला तर वाटायचं माझ्याइतकं कोणालाच येत नाही. दर सोमवारी मी त्यांना रंगीत रिपोर्ट पाठवायचो. क्लिक वाढले, खर्च कमी झाला, बाण वर. ते फोनवर म्हणायचे, "हो का, बरं बरं." दोन महिने हेच चाललं. मी एकदाही रावेरला गेलो नाही. पासष्ट-सत्तर किलोमीटर असेल फार तर, एसटी दिवसभर चालू असते, पण गेलो नाही.

जुलै संपता संपता बिल घ्यायला गेलो. शेडनेटच्या मागे रोपं पडलेली, पिशव्यांसकट, कंबरेएवढी वाढलेली. वाढलेलं रोप कोणी घेत नाही. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, गिऱ्हाईकच आलं नाही यंदा पाहिजे तसं. जाहिरातीत जो नंबर होता तो फोन कुठे असतो, मी विचारलं. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये चार्जिंगला लावलेला साधा मोबाईल. ऑफिस दहा ते सहा. ऑफिसातला पोरगा सहाला कुलूप लावून घरी जायचा, फोन आत. मी स्क्रीन बघितली, 214 मिस्ड कॉल. बहुतेक सगळे पहाटे पाच ते सात आणि रात्री नऊनंतरचे. अरे शेतकरी फोन कधी करेल? दिवसा तो वावरात आहे, रात्री लाईट आली की मोटर चालू करायला जातो, तेव्हा बांधावर बसून त्याच्या हातात मोबाईल असतो. मी शेतकऱ्याच्या घरात जन्मलो आणि मला हे कळायला नको होतं?

त्या माणसाने मला पूर्ण पैसे दिले. एक शब्द बोलला नाही. चहा पाजला. मी ते पैसे घेतले, हे जास्त वाईट. परत करायला पाहिजे होते, तेव्हा घरी गरज होती, घेतले.

तेव्हापासून माझा नियम आहे. ज्याची जाहिरात मी लावेन त्याचा फोन पहिले पंधरा दिवस माझ्याकडे फिरवायचा. पहाटे वाजला तरी मी उचलणार. ज्याला चालत नसेल त्याने दुसरीकडे जावं. आणि गेले, खूप गेले. माझा पार्टनर होता, चांगला हुशार, तो म्हणायचा, आपण एजन्सी आहोत की कॉल सेंटर? पन्नास क्लायंट कसे सांभाळणार असे? बरोबर होतं त्याचं, पन्नास सांभाळता येत नाहीत असे. तो पुण्याला गेला, आज त्याच्याकडे मोठं ऑफिस आहे. माझ्याकडे आजही तीन पोरं आहेत आणि नऊ क्लायंट. नातेवाईक विचारतात जळगावात काय पडलंय. मी म्हणतो, माझ्या नऊपैकी सहा जण आठ वर्षांहून जुने आहेत. मी काही चुकलो नाही. कधी कधी रात्री वाटतं की पंधराचे सात दिवस केले असते तरी चाललं असतं, जरा पसारा वाढला असता, बायकोची हौसमौज झाली असती. पण नाही, सात दिवसांत बाजार कळत नाही, एक अमावस्या-पौर्णिमा तरी मधे जावी लागते, पगाराची तारीख जावी लागते. पंधराच बरोबर आहेत.

असो, माझंच सांगत बसलो. तुझ्याकडे येतो.

चार ऑर्डरी आल्या, त्यातल्या मावशी सोडून तीन. त्या तिघांना फोन लावलास का? नाही ना. मी लावला रविवारी, तुझ्या आईकडून नंबर घेऊन. एक डोंबिवलीच्या बाई, माहेर चोपड्याचं. दुसरे दोघं सुरतचे, एक उधन्याचा आणि एक लिंबायतचा, दोघंही आपल्याकडचेच, तिकडे कामाला गेलेले. उधन्याचा गडी फोनवर पहिलं वाक्य काय बोलला माहितीये? "बिबडा भेटतीन का भाऊ? पापड नको." त्याला पापड नकोच होता रे! त्याने बिबडे मिळतील म्हणून पापड मागवून बघितले. पापड त्याला सुरतेत कुठेही मिळतो. पण बिबडे? ज्वारी भिजवून, आंबवून, लसूण-मिरची-तीळ घालून घाट शिजवायचा आणि ओल्या फडक्यावर थापून उन्हात वाळवायचा, ते त्याला तिथे कोण देणार? लहानपणी आईजवळ बसून गरम घाट खाल्लेला माणूस आहे तो, पाच मिनिटं घाटाबद्दलच बोलला. आणि तुझ्या आख्ख्या अकाउंटमध्ये 'बिबडे' हा शब्द नाही. मी विचारलं तर तू म्हणालास, सर, कीवर्ड प्लॅनरमध्ये त्याला सर्चच दिसत नव्हते फारसे. नसणारच! पण जे थोडे आहेत ते सगळे गिऱ्हाईक आहेत. आणि कोणी 'बिबडे' टाकतं, कोणी 'बिबड्या', कोणी 'ज्वारीचे पापड', कोणी इंग्रजी अक्षरांत कसंही. हे सगळं प्लॅनर नाही सांगत, फोनवरचा माणूस सांगतो. म्हणून म्हणतो फोन तू उचल, तिसऱ्यांदा.

तू ज्या लाईनवर रोज अमळनेरहून जळगावला येतोस, तीच लाईन उलट्या बाजूला नंदुरबारवरून उधन्याला जाते. तुझं मार्केट त्या लाईनच्या दुसऱ्या टोकाला बसलंय. जाहिरात फक्त सुरत, कल्याण-डोंबिवली आणि पुण्याला लाव, प्रत्यक्ष तिथे असलेल्या माणसांनाच. ओळ लिही 'अमळनेरचे ज्वारीचे बिबडे, लसूण-तिळाचे, सुरतला घरपोच'. कन्व्हर्जन तेव्हाच धर जेव्हा पैसे आले. रोजचे 100 पुरे.

आणि तो पंचावन्न हजारांचा कोर्स. गुगलचं स्वतःचं ऑनलाईन शिकवणारं स्किलशॉप फुकट आहे, परीक्षा फुकट, सर्टिफिकेट फुकट, वर्षभर चालतं. ते दोन आठवड्यांत संपव, तुझं डोकं चांगलं आहे. पंचावन्न हजारांत तुझा गट किती क्विंटल ज्वारी घेईल त्याचा हिशोब तूच कर. पुण्याला जाऊ नको असं मी म्हणत नाही, जा, खुशाल जा, पण आधी एक सीझन स्वतःच्या कानाने ऐकून जा. नाहीतर तिथे जाऊन तू माझ्यासारखेच सोमवारचे रंगीत रिपोर्ट बनवशील आणि ते फार छान बनवशील, याचीच मला भीती आहे.

रागावून लिहिलं असेल तर मनावर घे. घ्यायलाच पाहिजे. पण एक सांगतो, बावीस वर्षांच्या आत स्वतःच्या आईच्या गटाचे खरे पाच हजार लावून बघणारे मी फार थोडे पाहिलेत, बाकीचे कॉलेजात डमी अकाउंटवर खेळतात. ते पाच हजार वाया गेले असं आईला सांगू नको. गटाच्या पुढच्या मीटिंगला तू स्वतः जा आणि काय झालं ते बायांना बसून सांग, पीपीटी न घेता.

आता एक काम. ज्या बायांनी काम मागायला फोन केले त्यांचे नंबर आईच्या फोनमधून पुसू नको. वाळवणाच्या दिवसांत गटाला हात कमी पडतात असं आईच मला जिना उतरताना म्हणत होत्या. त्यातल्या कोणी अमळनेर, पारोळा, धरणगावकडच्या असतील तर वेगळ्या काढून ठेव, आणि त्यांना फोन आईला करू दे.

उद्या संध्याकाळपासून गटाचा नंबर तुझ्या मोबाईलवर फॉरवर्ड कर. लेक्चर चालू असेल तर बाहेर जाऊन उचल, मी सरांशी बोलतो. एक साधी शंभर पानी वही घे, प्रत्येक फोनला एक ओळ, कोण, कुठून, नेमका कोणता शब्द बोलला. त्याच्याच शब्दात लिही, तुझ्या नको. पुढच्या रविवारी वही घेऊन ये. आईंना जमलं तर त्यांनाही आण, मी स्टेशनवर घ्यायला येतो. आणि येताना अर्धा किलो बिबडे आण, त्याचे पैसे मी देणार, ती पाचवी ऑर्डर वहीत लिही.

तुझा,
सर