जाहिरातींचे मेल थांबवायचे कसे?

प्रश्न : तारकर्लीत आमचा होमस्टे आहे. बुकिंगच्या चौकशा मेलवर येतात आणि जाहिरातींच्या गर्दीत हरवतात. १९०९ वर डीएनडी नोंदवल्यावर फोन-एसएमएस कमी झाले, मेल मात्र तसेच येतात. यावर कायदा नाही का? ‘अनसबस्क्राइब’ दाबावं का?
— एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : डीएनडी दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१८ च्या नियमांवर चालतं. ते फोन आणि एसएमएसपुरतंच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमात त्रासदायक मेलचा उल्लेख होता, पण ते कलम फार मोघम म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे.

अमेरिकेत आधी मेल पाठवता येतो. ‘नको’ कळवल्यावर कामकाजाच्या १० दिवसांत थांबवावा लागतो. युरोपात साधारणपणे परवानगी आधी घ्यावी लागते. आपल्याकडे युरोपसारखाच नियम हवा, असं आमचं स्पष्ट मत आहे. शंभर जणांना शंभरदा ‘नको’ कळवण्याचं काम ग्राहकाच्या माथी का?

तोवर हे करा. ओळखीच्या कंपनीचा मेल असेल तर जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारचं ‘अनसबस्क्राइब’ दाबा. दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना गूगलने २०२४ पासून ही एका क्लिकची सोय बंधनकारक केली आहे. अनोळखी मेलमधली लिंक मात्र दाबू नका, कारण त्यातून तुमचा पत्ता चालू असल्याचं त्यांना कळतं. तिथे ‘रिपोर्ट स्पॅम’च करा. मेलमधलं चित्र उघडलं तरी तोच सुगावा लागतो, म्हणून सेटिंगमध्ये बाहेरची चित्रं विचारूनच दाखवण्याचा पर्याय निवडा.

बुकिंग साइटच्या पत्त्यासाठी फिल्टर करा : ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’वर खूण करा आणि वेगळं लेबल द्या. तरी मे महिन्यात आणि नाताळात स्पॅम रोज बघाच. तिथले मेल ३० दिवसांनी आपोआप पुसले जातात, आणि पाहुणा तेवढाही थांबत नाही.

नवीन साइटवर नोंदणी करताना जीमेल पत्त्यात ॲट चिन्हाआधी अधिक चिन्ह आणि त्या साइटचं नाव घाला. मेल तुमच्याकडेच येतो, आणि पत्ता कुणी पुढे दिला तेही कळतं. काही फॉर्म अधिक चिन्ह घेत नाहीत.

पाहुण्यांना तुम्ही पावसाळी सवलतीचे मेल पाठवत असाल, तर त्यांनाही आधी विचारा. नोंदवहीत त्यासाठी वेगळा रकाना ठेवा, आणि मेल धाडताना सगळे पत्ते बीसीसीत टाका, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही.