कांस्य तोफेवर 5-2-14 असे कोरलेले आहे, ती कोणत्या देशातली असावी?

आपल्या तोफेवर मुकुट आहे, उचलण्यासाठी माशाच्या आकाराच्या दोन कड्या आहेत, बुडाशी 5-2-14 असे कोरलेले आहे आणि नळीचा आतला व्यास सुमारे 93 मिलिमीटर आहे, असे आपण लिहिले आहे. मुकुट आणि मासे तूर्त बाजूला ठेवावेत. मुकुट युरोपातील अनेक राजांच्या तोफांवर आढळतो आणि डॉल्फिनच्या कड्या फ्रेंच, स्पॅनिश, डच तोफांवरही असत. खरी साक्ष आकड्यांची आहे.

5-2-14 ही तारीख नसून तोफेचे वजन आहे. इंग्रजी पद्धतीत पहिला आकडा हंड्रेडवेटचा (112 पौंड), दुसरा क्वार्टरचा (28 पौंड) आणि तिसरा सुट्या पौंडांचा असतो, म्हणूनच मधला आकडा 3 च्या आणि शेवटचा 27 च्या पुढे जात नाही. या हिशेबाने आपली तोफ 630 पौंडांची, म्हणजे सुमारे 286 किलोंची ठरते, आणि 93 मिलिमीटरचा व्यास इंग्रजांच्या सहा पौंडी तोफेशी जुळतो. आता गाड्यावरून उतरवून तिचे प्रत्यक्ष वजन करावे; त्यात मोठी तफावत निघाली, तर शोभेसाठी ओतलेल्या नकलेचा संशय घ्यावा. (वजन एकाच सलग संख्येत असते, तर किलोंना त्या संख्येने भागून तो कोणत्या देशाचा पौंड आहे हे पाहता आले असते: अॅमस्टरडॅमचा पौंड सुमारे 494 ग्रॅमचा, कॅस्टिलचा 460 ग्रॅमचा.)

ओताऱ्याच्या नावावरून मात्र देश ठरवू नये. यान आणि पीटर व्हरब्रुगेन हे पितापुत्र 1770 मध्ये हेगहून इंग्लंडला येऊन वूलिचच्या सरकारी ओतशाळेत रुजू झाले, त्यामुळे त्यांचे डच नाव मिरवणाऱ्या कितीतरी तोफा अस्सल इंग्रजी आहेत. तोफ सापडल्याचे ठिकाणही असेच फसवे असते. विजापूरच्या बुरुजावरची मुलूखमैदान 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली, तीही रूमी, म्हणजे तुर्कस्तानातला, म्हणवणाऱ्या ओताऱ्याच्या हातून.

तेव्हा तोफ इंग्रजी असावी, असे माझे मत आहे. मुकुटाखाली गुंफलेली जी आणि आर ही रोमन अक्षरे दिसली, तर ती 1714 ते 1830 या काळातील चार जॉर्ज राजांपैकी एकाची ठरेल; ईस्ट इंडिया कंपनीचे चिन्ह निघाले, तर ती राजाच्या नव्हे, कंपनीच्या सेवेतली होती. ही अक्षरे वाचण्यासाठी आम्ल किंवा घासकागद वापरू नये, कारण उथळ कोरीव खुणा त्यानेच पुसल्या जातात. पातळ कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल आडवी फिरवावी.