पाणी, बर्फ, वाफ आणि त्रैक्य
वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी संडे स्कूलमध्ये बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शिकवते. त्रैक्य रविवारी मी त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे, तरी देव एकच) समजावताना पाणी, बर्फ आणि वाफ हा दाखला दिला. पाळकसाहेब म्हणाले, हा चुकीचा आहे. मग मुलांना सांगायचं तरी कसं? (अहिल्यानगर)

उत्तर : पाळकसाहेबांचं बरोबर आहे. पाणी गोठलं की बर्फ, उकळलं की वाफ. वस्तू एक आणि रूपं पाळीपाळीने तीन. देवाबद्दल नेमकं हेच मत तिसऱ्या शतकात साबेलियसच्या नावाने ओळखलं गेलं आणि मंडळीने (म्हणजे चर्चने) ते नाकारलं. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पुत्र पाण्यात आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतो आहे आणि पित्याची वाणी आकाशातून येते आहे, तिन्ही एकाच वेळी. गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करतो, ती काही स्वतःशीच नव्हे. 'एकच माणूस कुणाचा बाप, कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा' हा दाखलाही याच खड्ड्यात पडतो.

वर्गातलं एखादं चुणचुणीत पोर म्हणेल, ०.०१ अंश सेल्सिअसला आणि सुमारे ६११ पास्कल दाबाला (नेहमीच्या हवेच्या दाबाचा शंभरावा हिस्साही नाही) बर्फ, पाणी, वाफ एकत्र नांदतात. नांदतात खरी, पण तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला त्या पाण्याचा थोडाथोडा भाग येतो. अंडं किंवा बेलाचं पान घेतलं तरी तेच. नुसतं टरफल म्हणजे अंडं नव्हे. पुत्र मात्र देवाचा एक तृतीयांश नाही, पूर्ण देव आहे.

त्यातल्या त्यात सूर्य आणि किरण बरा. तो तेर्तुल्यन या सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकाच्या काळापासून वापरात आहे. धोका इतकाच की किरण सूर्याहून दुय्यम वाटतो. आलेक्झांड्रियाचा एरियस तसंच शिकवत होता : पुत्र सर्वांत श्रेष्ठ, पण निर्माण केलेला. म्हणून ३२५ साली निकेयाच्या धर्मपरिषदेने मतांगीकारात (श्रद्धेच्या अधिकृत कबुलीत) 'प्रकाशापासून प्रकाश' म्हटलं आणि पुढे 'पित्याशी एकतत्त्व' असं कुंपणही घातलं.

आमचं मत विचाराल तर दाखले बाजूला ठेवा आणि खडू घ्या. फळ्यावर त्रिकोण काढा. तीन टोकांना पिता, पुत्र, पवित्र आत्मा, मधोमध देव. टोकांपासून मध्याकडे येणाऱ्या तीन रेघांवर 'आहे' लिहा, त्रिकोणाच्या तीन बाजूंवर 'नाही'. मग वाचा : पिता देव आहे, पुत्र देव आहे, आत्मा देव आहे. पिता पुत्र नाही, पुत्र आत्मा नाही, आत्मा पिता नाही. खाली सातवं वाक्य लिहा : देव एकच आहे. ही आकृती युरोपात तेराव्या शतकापासून चालत आली आहे. आता मुलांना एकेक वाक्य पुसायला लावा. तिन्ही 'नाही' पुसली की साबेलियस हजर. 'पुत्र देव आहे' पुसलं की एरियस. सातवं पुसलं की तीन देव.

बीजगणित शिकलेलं मूल इथे अडवतंच : अ = क, ब = क, तर अ = ब का नाही? कारण इथलं 'आहे' म्हणजे बरोबरचं चिन्ह नव्हे. चौथ्या शतकात कप्पदुकियाच्या (आजच्या तुर्कस्तानातला प्रदेश) तिघा धर्मशिक्षकांनी, म्हणजे बासिल, नाझियान्झसचा ग्रेगरी आणि निस्साचा ग्रेगरी यांनी, 'काय' आणि 'कोण' हे दोन प्रश्न वेगळे केले. काय? एक तत्त्व, ग्रीकमध्ये ऊसिया. कोण? तीन, ग्रीकमध्ये हिपोस्तासिस. आपण त्याला 'व्यक्ती' म्हणतो आणि घोटाळा होतो, कारण मराठीत व्यक्ती म्हटलं की शेजारीशेजारी बसलेली तीन माणसं दिसतात. तो शब्द फळ्यावर सगळ्यात शेवटी येऊ द्या.

प्रश्न : त्रैक्य म्हणजे आपली त्रिमूर्ती किंवा दत्तच ना? (नाशिक)

उत्तर : नाही. त्रिमूर्तीत कामं वाटलेली आहेत : ब्रह्मा उत्पत्ती, विष्णू स्थिती, महेश लय. त्रैक्यात अशी वाटणी नाही. सृष्टी तिघांची, तारणही तिघांचं. फरक फक्त परस्परसंबंधाचा : पिता कुणापासूनही नाही, पुत्र पित्यापासून जन्मलेला, आत्मा पित्यापासून निघणारा. ('आणि पुत्रापासून' हे शब्द पश्चिमेकडच्या मंडळीने मतांगीकारात घातले. मंडळीच्या पूर्व-पश्चिम फुटीमागे हे एक मोठं कारण होतं.) त्रैक्याचं तीन तोंडांचं चित्र युरोपातही काढलं जायचं, पोप आठवे उर्बन यांनी १६२८ साली त्याला बंदी केली.

सच्चिदानंद ही तुलना जास्त खोल जाते. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी ती १८८२ साली कलकत्त्याच्या व्याख्यानात मांडली, बंगाली ख्रिस्ती विचारवंत ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९८ साली तिच्यावर संस्कृत स्तोत्र रचलं. पण सत्, चित् आणि आनंद एकमेकांना 'तू' म्हणत नाहीत. पिता-पुत्र म्हणतात.

हे पटत नसेल तर संकोच नको. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला झाला, आणि त्यानंतरही त्रैक्याच्या प्रश्नावर त्यांनी तिथल्या मठातल्या सिस्टरशी पत्रांतून कडाडून वाद घातला.

प्रश्न : होणाऱ्या सुनेचा बाप्तिस्मा 'येशूच्या नावाने' एवढंच म्हणून झालाय. लग्न कॅथलिक चर्चमध्ये आहे. अडचण येईल का? (वसई)

उत्तर : येईल, पण मार्ग आहे. कॅथलिक चर्च 'पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने' हे शब्द आवश्यक मानतं (मत्तय २८:१९; तिथे नावं तीन घेतली तरी 'नाव' एकवचनी आहे). शब्द बदलले तर विधी ग्राह्य नाही. 'निर्माता, तारक, पवित्र करणारा' या शब्दांनी दिलेला बाप्तिस्मा रोमने २००८ साली अग्राह्य ठरवला, आणि 'मी' ऐवजी 'आम्ही' म्हणून दिलेला २०२० साली.

बाप्तिस्म्याचा दाखला मिळवा आणि विधीत नेमके कोणते शब्द उच्चारले, हे बाप्तिस्मा देणाऱ्या पाळकांकडून लेखी घ्या. नुसत्या दाखल्यावर ते बहुधा नसतं. शब्द खरंच तेवढेच असतील, तर तिने आता कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतल्यास तो चर्चच्या दृष्टीने पहिलाच ठरेल. शब्दांबद्दल शंकाच उरली तर 'तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर' अशी अट घालून विधी करतात. लग्नासाठी तिने तो घेतलाच पाहिजे असं मात्र नाही. न घेता लग्न करायचं तर बिशपांची सूट लागते. ती सूट मिळायला वेळ लागतो, तेव्हा हॉल बुक करण्याआधी फादरना भेटा.